मौखिक पुरावा आणि न्यायालयीन फेरविचार : डेल्गामूक निर्णयाची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

जमिनीच्या तंट्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. जमीन कोणाची, हा पहिला. आणि ती कोणाची हे कशावरून ठरवावयाचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निकालपत्राच्या अखेरच्या परिच्छेदात येते व सामान्य वाचकाचे लक्ष तेवढ्यावरच खिळते. तथापि पुष्कळ खटल्यांत खरा निर्णय दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच होऊन गेलेला असतो. कोणता पुरावा दाखल करून घ्यावयाचा, आणि दाखल करून घेतलेल्या पुराव्याला किती वजन द्यावयाचे, हे एकदा ठरले म्हणजे पुढील निष्कर्ष बहुधा आपोआप येतात. म्हणूनच वरिष्ठ न्यायालय जेव्हा खालच्या न्यायालयाच्या पुराव्याविषयक निर्णयांचा फेरविचार करते, तेव्हा ते केवळ कार्यपद्धतीची तपासणी करीत नसते. हक्काचा पायाच पुन्हा तपासून पाहत असते.

या दृष्टीने कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९७ रोजी डेल्गामूक विरुद्ध ब्रिटिश कोलंबिया या खटल्यात दिलेला निर्णय विशेष अभ्यसनीय आहे. ज्या समाजाकडे लिखित दप्तर नाही, त्याने आपल्या भूमीवरील पूर्वापार हक्क कशाने सिद्ध करावा, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न होय. मूळवासी हक्काची व्याख्या करणारा निर्णय म्हणून त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्या व्याख्येपेक्षा निर्णयाच्या पुराव्यासंबंधीच्या भागाचीच परीक्षा करावयाची आहे. त्या भागात न्यायालयाने जे तत्त्व मांडले ते रास्त होते. परंतु ते तत्त्व लागू करण्याची वेळ आली तेव्हा न्यायालय स्वतः थांबले, आणि त्या थांबण्याची किंमत वादींना द्यावी लागली, असे निकालपत्राच्या बारकाईच्या वाचनातून दिसून येते.

२. दाव्याची हकीकत

ब्रिटिश कोलंबिया हा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रांत. १८७१ मध्ये तो कॅनडाच्या संघराज्यात सामील झाला. पूर्वेकडील अनेक प्रदेशांत मूळ रहिवाशांशी जमिनीविषयी तह झाले होते. या प्रांताच्या बहुतांश भागात तसे तह झालेच नाहीत. वायव्येकडील नद्यांच्या खोऱ्यांत राहणाऱ्या गित्क्सान व वेत्सुवेतेन या दोन समाजांच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी १९८४ मध्ये दावा दाखल केला. सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर प्रदेशावर आपली मालकी व अधिकार आहे, अशी त्यांची मागणी होती. हा प्रदेश १३३ स्वतंत्र विभागांत वाटलेला असून त्यावर ७१ घराण्यांचा हक्क आहे, असे वादपत्रात म्हटले होते. प्रांत सरकारने उलट मागणी केली की, वादींना या भूमीत कोणताही हक्क वा हितसंबंध नाही असे जाहीर करावे.

दाव्याचे नाव ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘डेल्गामूक’ हे एखाद्या व्यक्तीचे जन्मनाव नव्हे. ते एका घराण्याच्या प्रमुखाचे पद-नाम आहे. खटला चालू असताना ते नाम एकाकडून दुसऱ्याकडे गेले. प्रथम न्यायालयाच्या निकालात त्या नामाचा धारक एक आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दुसरा. नाव मात्र तेच राहिले. ज्या समाजात नाव, भूमी आणि इतिहास ही तिन्ही एकत्रच वारशाने येतात, त्याच्या दाव्याच्या मथळ्यातच त्याच्या पुराव्याचे स्वरूप दडलेले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रथम न्यायालयात मुख्य न्यायाधीश मॅकीचर्न यांच्यासमोर हा दावा चालला. पुरावा व युक्तिवाद मिळून ३७४ दिवस काम झाले. ६१ साक्षीदार न्यायालयात तपासले गेले. त्यांपैकी अनेकांनी आपल्या मातृभाषेतून, दुभाष्यामार्फत साक्ष दिली. प्रमुखांची ५३ प्रतिज्ञापत्रे आपापल्या प्रदेशाच्या सीमांविषयी दाखल झाली. साक्षीच्या नोंदींची पाने २३,००० च्या वर गेली, आणि सुमारे ९,२०० कागद व वस्तू पुराव्यात आल्या. ८ मार्च १९९१ रोजी निकाल लागला. वादींची मालकीची व अधिकाराची मागणी फेटाळण्यात आली. १९९३ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने, हक्क सरसकट नष्ट झाले हा खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष बाजूला सारला. परंतु भूमीवरील मालकीच्या प्रश्नावर तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने वादींचे अपील नामंजूर केले. पुराव्याचे वजन ठरविणे हे ज्याने साक्षीदार पाहिले-ऐकले त्याचे काम, आणि त्यात ढवळाढवळ करण्याजोगी चूक आढळत नाही, अशी बहुमताची भूमिका होती.

३. पुराव्याचे तीन प्रकार

वादींचा मौखिक पुरावा मुख्यतः तीन प्रकारचा होता.

पहिला प्रकार गित्क्सानांच्या ‘अदाअक’चा व वेत्सुवेतेनांच्या ‘कुंगाख’चा. अदाअक म्हणजे घराण्याचा अधिकृत मौखिक इतिहास. पूर्वज कोठून आले, कोणत्या प्रदेशात वसले, कोणते कुलचिन्ह कोणत्या प्रसंगाने मिळाले, याचा तो वृत्तांत असतो. कुंगाख हे गीत, नृत्य वा प्रयोग यांच्या द्वारे समाजाला भूमीशी जोडणारे रूप होय. ही दोन्ही कोणी एकांतात आठवून सांगावयाची कथने नव्हेत. मेजवानी-सभेत, इतर घराण्यांच्या साक्षीने, ठरलेल्या विधीने ती पुन्हा पुन्हा सांगितली जातात. ज्यांचे हितसंबंध भिन्न आहेत अशी घराणी तेथे श्रोते म्हणून बसलेली असतात. म्हणजे चुकीच्या कथनाला हरकत घेण्याची सोय त्या परंपरेतच आहे.

दुसरा प्रकार वैयक्तिक व कौटुंबिक आठवणींचा. वाडवडील कोठे शिकार करीत, कोठे मासे धरीत, कोणत्या वाटेने जात, याविषयी साक्षीदारांनी जे पाहिले व ऐकले ते यात आले. तिसरा प्रकार वर उल्लेखिलेल्या सीमाविषयक प्रतिज्ञापत्रांचा.

या पुराव्याची न्यायालयातील वाट सुखाची नव्हती. एका वृद्ध स्त्री-प्रमुखाने अदाअकमधील गीत गाऊन दाखविण्याची वेळ आली तेव्हा, शब्द लिहून दिले तर पुरे होणार नाही काय, असा न्यायाधीशांचा रोख होता. आपल्याला सुरांचा कान नाही, असेही ते म्हणाले. गीत अखेर गायले गेले. या प्रसंगाचा उपयोग पुढे अनेकांनी न्यायाधीशांचा उपहास करण्यासाठी केला आहे. पण त्यातील मर्म उपहासाचे नाही. न्यायाधीशाच्या लेखी गीत हे आशयाचे वेष्टन होते. साक्षीदाराच्या लेखी गीत गाणे हेच हक्काचे प्रमाण होते, कारण ते गाण्याचा अधिकार त्या घराण्याशिवाय अन्य कोणाला नव्हता. एका पक्षाच्या दृष्टीने जो अलंकार, तोच दुसऱ्याच्या दृष्टीने दस्तऐवज होता.

४. प्रथम न्यायालयाची चूक कोठे होती?

न्यायमूर्ती मॅकीचर्न यांच्याविषयी न्याय्य भूमिका घ्यावयाची तर एक गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. त्यांनी मौखिक पुरावा दाराबाहेर ठेवला नाही. ऐकीव पुरावा अग्राह्य, हा नियम यांत्रिकपणे लावला असता तर अदाअक ऐकून घेण्याचाच प्रश्न उद्‌भवला नसता. त्यांनी तो ऐकला, नोंदविला. साक्षीदार प्रामाणिक होते, आपण सांगतो ते खरेच आहे अशी त्यांची श्रद्धा होती, हेही मान्य केले. म्हणून त्यांची चूक ग्राह्यतेच्या पायरीवर नाही. ती त्यापुढच्या, वजनाच्या पायरीवर आहे. ग्राह्यतेची चूक उघड दिसते. वजनाची चूक न्यायाधीशाच्या मनोव्यापारात लपून राहते, आणि म्हणूनच तिचा फेरविचार अवघड असतो.

अदाअक व कुंगाख यांना स्वतंत्र वजन न देण्याची त्यांची कारणे थोडक्यात अशी : ही कथने अक्षरशः सत्य नाहीत, त्यांत वस्तुस्थिती आणि श्रद्धा यांची सरमिसळ आहे, काही भाग पुराणकथेसारखा आहे, आणि भूतकाळाचे चित्र रम्य करून रंगविले आहे. वादींचे पूर्वज या भागात साधारणपणे राहत होते, एवढ्यापुरता त्यांचा दुजोरा म्हणून उपयोग होऊ शकेल. विशिष्ट भूमीवरील हक्क त्यांवरून सिद्ध होत नाही. वैयक्तिक आठवणींविषयी त्यांचे म्हणणे असे की, त्या फार तर शंभरएक वर्षे मागे जातात, आणि विशिष्ट जागेचा वापर दाखविण्याइतक्या काटेकोर नाहीत. प्रतिज्ञापत्रे त्यांनी तीन कारणांनी निरुपयोगी ठरविली. त्यांत सांगितलेली ख्याती वादींच्या समाजापुरतीच मर्यादित आहे. शेजारच्या समाजांना ती मान्य नाही. आणि भूमीचा प्रश्न कित्येक वर्षे चर्चेत असल्यामुळे ही कथने वादापूर्वीची, निःपक्ष अशी मानता येत नाहीत.

या कारणांची जात तपासली म्हणजे दोष ध्यानात येतो. ‘अमुक अदाअकमध्ये अमुक तपशील विसंगत आहे’, ‘अमुक साक्षीदाराने उलटतपासणीत निराळे सांगितले’, अशी ही कारणे नाहीत. ती कोणत्याही एका कथनाला लागू नसून त्या प्रकारालाच लागू आहेत. श्रद्धा व घटना यांची गुंफण हा मौखिक इतिहासाचा अपघात नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. लेखन नसल्यामुळे अपवाद करून हा पुरावा दाखल करून घ्यावयाचा, आणि तो लेखनासारखा नाही या कारणास्तव त्याला शून्य किंमत द्यावयाची, यात तार्किक विसंगती आहे. ज्या गुणामुळे अपवाद आवश्यक झाला त्याच गुणाला पुढे दोष ठरविले गेले. प्रवेश दिला, पण आसन दिले नाही.

याचे एक ठळक उदाहरण सीली सरोवराचे. एका अदाअकमध्ये एक अमानुषी अस्वल डोंगरातून उतरून झाडे चिरडीत आले, असे वर्णन आहे. वादींच्या तज्ज्ञांनी भूशास्त्रीय पुराव्यावरून असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, त्याच ठिकाणी सुमारे ३,५०० वर्षांपूर्वी मोठे भूस्खलन झाले होते. अस्वलाची कथा आणि भूस्खलन या एकाच घटनेच्या दोन नोंदी आहेत, हे न्यायाधीशांना पटले नाही. न पटण्याचा अधिकार न्यायाधीशाला अर्थातच आहे. कथा व घटना यांचा मेळ घालणे हे अनुमानाचे काम आहे आणि ते चुकू शकते. परंतु येथे निदान प्रश्न योग्य रीतीने विचारला गेला होता : हे विशिष्ट कथन, या विशिष्ट स्थळी, अन्य पुराव्याशी जुळते काय? सर्वच अदाअकांची परीक्षा या पद्धतीने झाली असती, तर निकाल कदाचित तोच लागला असता; पण त्यावर आक्षेप घेणे फार कठीण झाले असते.

५. सर्वोच्च न्यायालयाचा फेरविचार

मुख्य न्यायमूर्ती लॅमर यांनी लिहिलेल्या मुख्य निकालपत्रात पुराव्याच्या प्रश्नाची मांडणी दोन टप्प्यांत केली आहे. वस्तुस्थितीविषयक निष्कर्षांत स्पष्ट व निर्णायक चूक असल्याशिवाय अपील न्यायालयाने हात घालू नये, हा सर्वसाधारण नियम त्यांनी प्रथम मान्य केला. त्यानंतर मूळवासी हक्कांच्या खटल्यांत या नियमाला एक जोड आवश्यक आहे असे सांगितले. १९९६ च्या व्हॅन डर पीट खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले होते की, अशा दाव्यांत पुराव्याच्या अंगभूत अडचणी लक्षात घेऊन न्यायालयांनी पुराव्याचे नियम लावले पाहिजेत. त्याचाच पुढचा भाग म्हणून लॅमर यांनी मौखिक इतिहासाला, न्यायालयांच्या परिचयाच्या लिखित ऐतिहासिक साधनांच्या समान पातळीवर स्थान मिळेल अशा रीतीने पुराव्याचा कायदा जुळवून घेतला पाहिजे, असे तत्त्व घालून दिले.

या तत्त्वाच्या प्रकाशात त्यांनी खालच्या न्यायालयाची कारणे एकेक करून तपासली. अदाअकला स्वतंत्र वजन नाकारण्याची कारणे सर्वच मौखिक इतिहासाला लागू होतील आणि मग या पुराव्याचे पद्धतशीर अवमूल्यन होईल, हा त्यांचा निष्कर्ष अचूक आहे. आठवणींकडून काटेकोर तपशिलाची अपेक्षा करणे म्हणजे त्या पुराव्याकडून त्याच्या प्रकृतीबाहेरचे काही मागणे होय. प्रतिज्ञापत्रांबाबतचे त्यांचे उत्तर सर्वांत मार्मिक आहे. वाद उत्पन्न होण्यापूर्वीचे कथनच ग्राह्य, असा नियम लावला तर मूळवासीयांचे कोणतेही कथन कधीच ग्राह्य होणार नाही. कारण त्यांच्या भूमीविषयीचा वाद वसाहतीच्या आरंभापासून चालूच आहे. ज्यांनी हक्कासाठी सतत आवाज उठविला, त्यांचा आवाज त्याच कारणाने संशयास्पद ठरावा, हा विपरीत परिणाम त्यांनी टाळला.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. १९९६ मध्ये घालून दिलेल्या नियमाने १९९१ चा निकाल तपासणे हे अन्यायाचे नाही काय? लॅमर यांनीही, खालच्या न्यायाधीशांना त्या निर्णयाचा लाभ मिळाला नव्हता, हे नमूद केले आहे. तथापि हा आक्षेप वाटतो तितका बळकट नाही. १९८५ च्या सायमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, ज्या समाजाने लिखित नोंदी ठेवल्या नाहीत त्याच्याकडून वंशसातत्याचा अशक्यप्राय पुरावा मागू नये, असे म्हटलेच होते. म्हणजे तत्त्वाचे बीज १९९१ पूर्वीच कायद्यात पडलेले होते. नवे होते ते त्याचे सर्वसाधारण रूप.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वजन ठरविणे हे साक्षीदार प्रत्यक्ष पाहणाऱ्या न्यायाधीशाचे काम; मग वरिष्ठ न्यायालयाने ‘वजन कमी दिले’ असे म्हणणे म्हणजे त्याच्या खुर्चीत जाऊन बसणे नव्हे काय? अपील न्यायालयाचे बहुमत नेमके याच विचाराने थांबले होते. याचे उत्तर वर केलेल्या भेदात सापडते. एखाद्या साक्षीदाराला अविश्वसनीय ठरविणे हा वस्तुस्थितीचा निष्कर्ष आहे. पुराव्याचा एक संपूर्ण प्रकार त्याच्या प्रकारामुळेच निर्बळ ठरविणे हा कायद्याचा निष्कर्ष आहे. तो वस्तुस्थितीच्या वेषात आलेला असतो, एवढेच. पहिल्यापुढे वरिष्ठ न्यायालयाने संयम पाळावा. दुसऱ्यापुढे संयम पाळणे म्हणजे कर्तव्यच्युती. डेल्गामूक निर्णयाचे स्थायी महत्त्व या भेदात आहे. खेदाची गोष्ट एवढीच की, निकालपत्रात हा भेद इतक्या स्पष्टपणे मांडलेला नाही. तो वाचकाला युक्तिवादाच्या क्रमावरून काढावा लागतो.

६. निर्णयाच्या मर्यादा

तत्त्व सांगून झाल्यावर न्यायालयाने काय केले? खालच्या न्यायालयाचे निष्कर्ष टिकू शकत नाहीत, असे ठरविले. आणि पुन्हा नव्याने सुनावणी व्हावी, असा आदेश दिला. पुराव्याचा व्याप एवढा मोठा व गुंतागुंतीचा आहे की त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतः निष्कर्ष काढणे शक्य नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण वादपत्राचे. मूळ दाव्यात प्रत्येक घराण्याने आपल्या विभागावर स्वतंत्र हक्क सांगितला होता. अपिलाच्या टप्प्यावर हे सर्व दावे दोन समाजांच्या दोन सामूहिक दाव्यांत एकवटण्यात आले. परंतु वादपत्रात तशी दुरुस्ती झालेली नव्हती. त्यामुळे प्रतिवादींना सामूहिक दाव्याला उत्तर देण्याची योग्य संधी मिळाली नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या भागाविषयी तीन गोष्टी नोंदविणे आवश्यक आहे.

पहिली : ज्या न्यायालयाने पुराव्याच्या नियमांत मूळवासीयांच्या परिस्थितीनुरूप लवचिकता आणली, त्यानेच वादपत्राच्या नियमांत मात्र ती आणली नाही. घराणी हक्क धारण करतात आणि समाज हक्क धारण करतो, या दोन विधानांत त्या समाजांच्या दृष्टीने विरोध नव्हता. विरोध होता तो इंग्रजी कायद्याच्या वर्गीकरणात. ही उणीव पुढे त्याच न्यायालयाने एक प्रकारे कबूल केली. २६ जून २०१४ रोजी ट्सिल्कोटिन खटल्यात मुख्य न्यायमूर्ती मॅक्लाक्लिन यांनी, अशा दाव्यांत वादपत्रातील तांत्रिक दोषांकडे, प्रतिपक्षाचे स्पष्ट नुकसान होत नसेल तर, उदारपणे पाहावे असे सांगितले. आणि सुमारे १,७५० चौरस किलोमीटर भूमीवरील मूळवासी हक्क प्रथमच जाहीर करण्यात आला. डेल्गामूकमध्ये हीच दृष्टी ठेवली असती तरी पुराव्याच्या कारणाने फेरसुनावणी कदाचित टळली नसती. परंतु सामूहिक दाव्याच्या गुणदोषांविषयी न्यायालयाला निदान काही मार्गदर्शन करता आले असते.

दुसरी : ‘समान पातळी’ म्हणजे काय, हे न्यायालयाने दाखवून दिले नाही. मौखिक इतिहासाचे अवमूल्यन करू नये, हे त्याने सांगितले. त्याचे मूल्यन कसे करावे, हे सांगितले नाही. निकालपत्रात एकाही अदाअकची तपशीलवार परीक्षा नाही. सभेतील कथनाची पद्धत, श्रोत्यांची हरकत घेण्याची मुभा, भिन्न घराण्यांच्या कथनांतील एकवाक्यता, स्थळनामांचा आधार, निसर्गशास्त्रीय दुजोरा या कसोट्यांची सामग्री त्याच दप्तरात होती. तिचा उपयोग झाला असता तर पुढील न्यायालयांना वाट मिळाली असती. ती न मिळाल्यामुळे २००१ च्या मिचेल खटल्यात तत्त्वाला सहज मुरड पडली. तेथे न्यायालयाने मौखिक पुरावा ग्राह्य धरूनही, त्याचे अवमूल्यन करू नये तसेच त्याला पेलणार नाही एवढा भारही त्याच्यावर टाकू नये, असे म्हणून हक्क नाकारला. हे वाक्य तत्त्वतः बिनचूक आहे. पण किती भार पेलेल हे ठरविण्याचे माप नसेल, तर ते शेवटी न्यायाधीशाच्या मनोवृत्तीवरच अवलंबून राहते. आणि १९९१ मध्ये अडचण नेमकी तीच होती.

तिसरी गोष्ट काळाची. लिखित दस्तऐवज वीस वर्षांनी पुन्हा न्यायालयापुढे मांडता येतो. त्याची शाई थोडी फिकट होते, एवढेच. मौखिक पुराव्याचे तसे नाही. त्याचा धारक वृद्ध असतो. या खटल्यातच अनेक साक्षी न्यायालयाबाहेर आयोगापुढे घ्याव्या लागल्या होत्या. ज्या पुराव्याला न्याय देण्यासाठी फेरसुनावणीचा आदेश दिला, त्या पुराव्याला फेरसुनावणी हा उपाय सर्वांत कमी मानवणारा होता. दप्तर उपलब्ध होते हे खरे. पण विश्वासार्हतेचा निर्णय दप्तरावरून करता येत नाही म्हणूनच तर फेरसुनावणी हवी होती. न्यायालयाने पक्षकारांनी वाटाघाटींनी तोडगा काढावा, अशीही शिफारस केली. ती नवी सुनावणी कधीच झाली नाही. मे २०२० मध्ये वेत्सुवेतेन प्रमुखांनी केंद्र व प्रांत सरकारांशी हक्क व मालकी यांविषयी सामंजस्याचा करार केला, तेव्हा मूळ दाव्याला ३६ वर्षे लोटली होती. १९९७ चा निर्णय वादींच्या बाजूने लागला असे सर्वत्र म्हटले जाते. तत्त्व त्यांना मिळाले. भूमीविषयीचा निवाडा मिळाला नाही.

७. भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने

हा प्रश्न भारतीय कायद्याला परका नाही. भारतीय पुरावा कायदा, १८७२ याच्या ३२ व्या कलमात सार्वजनिक हक्क वा रूढी यांविषयी मृत व्यक्तीने व्यक्त केलेले मत ग्राह्य धरले होते. परंतु ते मत, वाद उत्पन्न होण्यापूर्वीचे असले पाहिजे, अशी अट होती. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. मॅकीचर्न यांनी प्रतिज्ञापत्रे नाकारताना जी अट लावली तिचा आणि या अटीचा उगम एकच, इंग्रजी पुराव्याच्या कायद्यात आहे. जेथे वाद शंभर-दीडशे वर्षांचा आहे तेथे ‘वादापूर्वी’ या शब्दाचा अर्थ काय करावयाचा, हा लॅमर यांनी उपस्थित केलेला प्रश्न भारतातील जंगलपट्ट्यांतील हक्कांनाही तितकाच लागू आहे.

वनहक्क कायदा, २००६ या बाबतीत एक पाऊल पुढे गेला आहे. त्याखालील २००८ च्या नियमांपैकी १३ व्या नियमात पुराव्यांची जी यादी दिली आहे, तीत दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या व्यक्तींचे लिहून घेतलेले निवेदन हाही पुरावा मानला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने, विशिष्ट प्रकारच्या कागदाचाच आग्रह समित्यांनी धरू नये, असेही स्पष्ट केले. म्हणजे ग्राह्यतेची पायरी येथे नियमांनीच ओलांडून दिली आहे. पण डेल्गामूकचा धडा असा की, ग्राह्यता मिळाली म्हणजे वजन मिळतेच असे नाही. वडीलधाऱ्यांचे निवेदन कागदपत्रांत जोडलेले असते. दावा फेटाळताना त्याचा विचार का केला नाही हे आदेशात लिहिलेले नसेल, तर ते जोडणे आणि न जोडणे सारखेच. फेरविचार करणाऱ्या प्राधिकाऱ्याने म्हणूनच ‘पुरावा दाखल झाला होता काय’ एवढेच पाहून थांबू नये. ‘तो कोणत्या कारणाने कमी लेखला, आणि ते कारण त्या निवेदनाविषयी आहे की निवेदन या प्रकाराविषयी’, हे विचारले पाहिजे.

मराठी इतिहाससंशोधकाला या चर्चेत एक ओळखीचा सूरही ऐकू येईल. अस्सल समकालीन कागदाच्या एका तुकड्यापुढे बखरींचे प्रामाण्य टिकत नाही, हा राजवाड्यांचा दंडक महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मान्य झाला, आणि तो भाबड्या इतिहासलेखनाला आवश्यक असा लगाम होता. तथापि ज्या महजरांना अस्सल साधन म्हणून मान आहे, त्यांतही गावच्या गोताने, वडीलधाऱ्यांनी, बलुतेदारांनी तोंडी सांगितलेलेच लिहून घेतलेले आढळते. कागद अस्सल असतो. त्यावरील ज्ञान मौखिकच असते. लेखनाने त्या ज्ञानाचा काळ निश्चित केला, सत्यता नव्हे. हा भेद विसरला म्हणजे दोन अतिरेक संभवतात : कागद नाही म्हणून सर्व खोटे, अथवा परंपरा आहे म्हणून सर्व खरे.

८. उपसंहार

डेल्गामूक निर्णयाने पहिल्या अतिरेकाचे निराकरण केले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पुराव्याचा एक प्रकार त्याच्या प्रकारामुळेच नाकारता येणार नाही, आणि तसे केल्यास ती वस्तुस्थितीची नव्हे तर कायद्याची चूक ठरते, हा त्याचा सारांश अन्य देशांतील न्यायालयांनाही उपयोगी पडण्यासारखा आहे. परंतु तत्त्व सांगणे आणि त्या तत्त्वाने एक प्रत्यक्ष पुरावा तपासून दाखविणे, यांतील अंतर त्या न्यायालयाने ओलांडले नाही. ते अंतर ओलांडले गेले नाही म्हणून २००१ मध्ये तत्त्व आकुंचित झाले, आणि ज्यांच्या साक्षीवर ते उभे राहिले त्यांच्या भूमीचा प्रश्न अनिर्णितच राहिला.

पूर्वीच्या आदेशांचा फेरविचार करणाऱ्या न्यायालयाकडून दोन अपेक्षा असतात : चूक दाखविणे आणि चूक दुरुस्त करणे. बहुतेक पुराव्यांच्या बाबतीत या दोन क्रियांत काही वर्षांचे अंतर पडले तरी मोठे बिघडत नाही. मौखिक पुराव्याच्या बाबतीत ते अंतर हेच नुकसान असते. साक्षीदार जिवंत असतानाच त्याच्या साक्षीचे मोल ठरले पाहिजे. नंतर ठरलेले मोल इतिहासाच्या उपयोगी पडते, हक्काच्या नव्हे.